नेहमीचं मीठ

"मोजे दाखवा."

गेटवाले काका हे वाक्य खुर्चीतून न उठता म्हणतात. समोरच्याने पॅन्टचा पाय चार बोटं वर घ्यायचा, काकांनी चष्म्याच्या वरून बघायचं. सुती असले तर "जा." नायलॉनचे असले तर "काढा, खोक्यात टाका, जाताना न्या." काड्यापेटी, लायटर, फोन सगळेच कारखाने काढून घेतात. मोजे बघणारा कारखाना आमचाच.

त्या दिवशी नव्याने लागलेले अकरा जण रांगेत होते. सगळ्यात शेवटी माझी भाची. तिने पाय उचलला. बुटात मोजाच नव्हता. दात वाजवणारी थंडी, आणि हिचा घोटा उघडा, लालबुंद, टाचेकडे भेगाळलेला.

"अगं पोरी, एवढ्या थंडीत?" काका म्हणाले. "सुती चालतात की."

"मी नाही घालत, काका."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही," ती हसली आणि आत गेली. "चल ना आत्या, पहिल्याच दिवशी उशीर नको."

मी बाजूला उभी होते. खांद्याला नव्यांसाठी मी घेते त्या वर्गाची पिशवी. तिच्यात तांब्याची एक पट्टी, एक सुती रुमाल आणि एक मोजा. डाव्या पायाचा, निळा, त्यावर पिवळ्या चांदण्या. घरून निघताना तो काढून ठेवायचा असं ठरवलं होतं, आणि नेमकं तेच राहिलं.

त्या मोज्याचा काही दोष नव्हता. हे जगात फक्त मला माहीत आहे. गेली अठरा वर्षं.

कारखान्यात मला कुणी नावाने हाक मारत नाही. चाळण म्हणतात, तरुण पोरंपोरी चाळणमावशी म्हणतात. तीस वर्षं रंगाच्या शेडमध्ये भुकट्या चाळल्या म्हणून चाळण, आणि कुणाच्याही कामात खडा काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही म्हणूनही चाळण. साहेब एकदा म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी उंबऱ्यावर बोट फिरवून धूळ बघाल." मी म्हटलं, "धूळ असली तर सांगायला नको?"

आम्ही रंगीत आतषबाजी बनवतो. मोठ्या मैदानांवर, बंदरांवर, कुणाच्या कसल्या उद्घाटनाला आकाशात फुटते ती. लाल हवा असेल तर स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, निळ्याला तांबं. पिवळा गरीब बिचारा, सोडियमवर भागतं. निळा महानाठाळ. ज्योत जरा जास्त तापली की पांढरा पडतो, कमी तापली की दिसतच नाही. हे सगळे रंग जळायचे तर हवेतला प्राणवायू पुरत नाही. तो पुरवायला एक पांढरी भुकटी लागते. कागदावर तिचं नाव तोंड वाकडं करायला लावणारं आहे. शेडमध्ये आम्ही तिला मीठ म्हणतो, कारण दिसते तशीच.

या मिठात दोन जाती. एक क्लोरेट, ते जुनं मीठ. दुसरं पर्क्लोरेट, ते नवं. शेजारी शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाहीत. जुनं मीठ रंग फक्कड देतं, पण डोक्याने भडक. गंधकाशी तर त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ती दोन एकत्र आली की ठिणगीसुद्धा लागत नाही. नुसतं घासलं तरी पुरतं.

हे मी वर्गात सांगते. पुढचं सांगत नाही.

वहिनी आधी माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच महिन्यात कामाला लागलो, एकाच बाकावर बसलो. मीच तिला घरी घेऊन गेले, मीच दादाला तिच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं, आणि वर साळसूदपणे "मला काय ठाऊक बाई" म्हणत फिरले. लग्न झालं तरी ती मला "चाळणे" म्हणायची. मी चारचौघांत वहिनी म्हणायचे, एरवी "बये". अहो-जाहो आमच्यात कधी शिरलंच नाही. निळा रंग तिच्याइतका कुणाला साधला नाही. मोठे साहेब इतरांची भुकटी जाळून बघायचे, हिची नाही.

अठरा वर्षांपूर्वी तिची आई आजारी पडली आणि ती तीन आठवडे रजेवर गेली. नेमक्या त्याच काळात हिरव्याची कृती बदलली. जुनं मीठ बंद, नवं सुरू. नवं जरा शांत डोक्याचं, म्हणून कृतीत थोडा गंधकही आला. नवा कागद भिंतीवर चिकटवला, त्यावरही शेडच्या सवयीने नुसतं 'मीठ'. जुन्या मिठाचा डबा माझ्या दारालगतच्या छपरीतल्या फळीवरून उचलून स्टोअरला परत द्यायचा होता. ते काम माझं. डबा जड होता, स्टोअर लांब होतं, माझी कंबर धरली होती. उद्या देऊ, म्हटलं. उद्याचा परवा झाला. लोकांच्या खोलीतला कचऱ्याचा कण मला दिसायचा, आणि माझ्या फळीवर तो डबा पंधरा दिवस बसून होता. त्याच्या शेजारी नव्या मिठाचा डबा. दोन्हींवर खडूने एकच शब्द लिहिलेला, माझ्याच अक्षरात: मीठ.

वहिनी कामावर आली त्या सकाळी तिने नवे मोजे घातले होते. आईचे पाय गार पडतात म्हणून पोरीने स्वतः दुकानात जाऊन निवडले होते. नऊ वर्षांची पोर. तिला नायलॉन काय आणि सूत काय! चांदण्या आवडल्या, घेतले. वहिनीने दारातच मला पाय पुढे करून दाखवला. "बघ चाळणे, माझ्या निळ्यापेक्षा झकास निळा!"

"नाच आता," मी म्हटलं. "एवढं वय झालं, पोरकटपणा जात नाही."

आमच्या खोल्या सुट्या सुट्या, मध्ये पंचवीस पावलांचं मोकळं अंगण. एक पेटली तर दुसरी वाचावी म्हणून. त्या दिवशी तिच्याकडे हिरव्याचं काम होतं. दहाच्या सुमारास तिने छपरीतून हाक मारली.

"मीठ कुठलं घेऊ गं?"

माझ्या हातात चाळण, भुकटी अर्धी चाळून झालेली. मला मध्येच कुणी बोललेलं खपत नाही. मान वर न करता मी ओरडले, "नेहमीचं घे!"

माझं नेहमीचं म्हणजे नवं. पंधरा दिवस मी तेच देत होते. तिचं नेहमीचं म्हणजे जुनं. बारा वर्षं तिने तेच वापरलं होतं. नवा कागद तिने वाचला, त्यातला गंधक मोजून घेतला, आणि मीठ मात्र मला विचारून घेतलं.

आवाज फार मोठा झाला नाही. भर सकाळी अंगण हिरवं झालं, ते मला आठवतं. मग धूर आला, मग ओरडा. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, उजवा डोळा गेला, उजवा पाय भाजला. मोजा वितळून कातडीला चिकटला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण तिची गाडी गेटबाहेर पडली, सगळी माणसं गेटवर जमली, तेव्हा मी मागे वळले. छपरीतला तो जड डबा कवेत घेतला, सगळं अंगण ओलांडून स्टोअरमध्ये नेला आणि त्याच्या जागेवर ठेवला. कंबर तेव्हा दुखली नाही.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांच्याकडे एका पारदर्शक पिशवीत वितळलेल्या मोज्याचा तुकडा होता. कोरडी थंडी, नायलॉन, घर्षणाने तयार झालेली वीज, एक ठिणगी. त्यांना कारण सापडलं होतं. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मिश्रणात काय काय होतं?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

वहिनीला त्या सकाळचं मोजे घालण्यापर्यंत आठवतं. पुढचं सगळं पुसून गेलं. कुठलं मीठ घेतलं, कुणाला विचारलं, काही नाही. अहवाल घरी आला आणि दादाने मोठ्याने वाचला. पोर दारात उभी होती. ती म्हणाली, "मोजे मी आणले होते." कुणी तिला काही बोललं नाही. वहिनीने तर तिला जवळ घेतलं, अंगाला पट्ट्या असताना. पण पोरीने आत जाऊन आपले सगळे मोजे काढले, एका पिशवीत भरले आणि कचऱ्यात टाकून आली. तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, दादा घरात घेईल की नाही, या भीतीने मी गिळून टाकलं. आज नको, उद्या सांगू. माझं हे उद्याचं खूळ तुम्हाला माहीत झालंच आहे.

दादा गेला चार वर्षांपूर्वी. शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाला, "तू होतीस म्हणून आमचं घर उभं राहिलं." मी नुसती मान हलवली.

आणि अपघातानंतर तीन वर्षांनी कारखान्याने मला काय दिलं? सुरक्षेचा वर्ग. चाळणमावशीइतकी काटेकोर बाई दुसरी कोण आहे, म्हणे! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, या म्हणीचा फोटो काढायचा असेल तर माझा काढा. दवाखान्यातून वहिनीचे कपडे मी आणले होते, त्यात डाव्या पायाचा मोजा धड राहिला होता. तो मी जपून ठेवला होता. का ठेवला होता, मला सांगता येणार नाही. वर्ग मिळाला तेव्हा तो कामाला आला.

भाची शिकली, तेही रसायनशास्त्र. परगावी शिकली, परगावी नोकरी केली, आणि आता आमच्याच कारखान्यात प्रयोगशाळेची केमिस्ट म्हणून आली. मी तिला परोपरीने सांगितलं, नको येऊ. ती म्हणाली, "आत्या, मी दुसरीकडे कुठेही काम केलं तरी मनाने इथंच असते."

तर असा तो वर्ग. बाकांवर अकरा जण, मागच्या बाकावर गेटवाले काका. ते माझा वर्ग दर वेळी ऐकतात, चहाही तिथेच पितात. बारा वर्षांपूर्वी लागले, त्यामुळे भाची कुणाची लेक हे त्यांना ठाऊक नाही.

मी तांब्याची पट्टी दाखवली. खोलीत शिरण्याआधी हिला हात लावायचा, अंगातली वीज जमिनीत जाते. सुती कपडे दाखवले. एका खोलीत चारच्या वर माणसं नाहीत. गंधकाची चाळण वेगळी, मिठाची वेगळी, आणि एकीची दुसरीला उसनी द्यायची नाही. "शेजारणीला भांडं द्या, सून द्या, चाळण देऊ नका," मी म्हटलं, आणि सगळे हसले. एकाने विचारलं, निळा एवढा अवघड का? मी भाचीकडे बोट दाखवलं. तिने उठून फळ्यावर ज्योत काढली, तांबं आणि क्लोरीन किती उष्णतेला एकत्र टिकतात ते समजावलं. छान समजावलं. आई समजवायची तसं, हाताने हवेत ज्योत धरून. फरक इतकाच की हिच्या हाताला पाचही बोटं होती.

"झालं," मी म्हटलं. "आता चहा."

"अहो, झालं कसलं?" मागून काका ओरडले. "मोज्याची गोष्ट राहिली की! तीच तर खरी मजा आहे."

"आज वेळ नाही."

"चांगला अर्धा तास आहे. सांगा, सांगा. पोरांना कळू दे मी रोज कशाला पाय बघतो ते."

भाची माझ्याकडे बघत होती. शांतपणे म्हणाली, "सांग ना आत्या. यांनी ऐकायला हवी."

पंधरा वर्षं मी ती गोष्ट एकाच पद्धतीने सांगत आले होते. जीभ आपोआप तिकडे वळली. "एक बाई होती. कामात पटाईत, पण नटायची भारी हौस. लोक डोक्याने काम करतात, ही पायाने करायची..."

इथे नेहमी हशा पिकतो. तो पिकला. काका तर सगळ्यांच्या आधी हसले.

भाची हसली नाही. रागावलीही नाही. तिने मान खाली घातली, आणि माझी गोष्ट तिथेच अडली. मग काकांनीच पुढे येऊन माझ्या पिशवीत हात घालून मोजा बाहेर काढला आणि वर धरला. "हा बघा! असा होता."

भाची उठून पुढे आली. काकांच्या हातातून तिने मोजा घेतला, उलटा केला, आतली शिवण बघितली. "असा नाही," ती म्हणाली. "हाच."

"ती बाई माझी आई," ती बाकांकडे वळून म्हणाली. "तिला नटायची हौस नव्हती. तिचे पाय गार पडायचे. हे मोजे मी आणले होते, मी नऊ वर्षांची होते. नायलॉन म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आत्याने सांगितलं आहे, तर लक्षात ठेवा. एवढंच."

तिने मोजा घडी करून माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. काकांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो." मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही." हे वाक्य मी किती सहज म्हणू शकते, हे ऐकून माझी मलाच शरम वाटली.

चहा न घेता मी माझ्या खोलीत गेले आणि चाळणी पुसत बसले. स्वच्छ होत्या, तरी पुसत बसले. अर्ध्या तासाने भाची आली. काखेत कागदांचा गठ्ठा, हातात डिंकाची बाटली. साहेबांनी तिला पहिलंच काम दिलं होतं: सगळ्या डब्यांवर पूर्ण नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या.

"रागावलीस?" मी विचारलं.

"तुझ्यावर कशाला? तू गोष्ट बरोबरच सांगतेस, जरा तिखटमीठ लावून." तिने छपरीतल्या फळीवरचा एक डबा पुढे ओढला. "आई तर म्हणते, माझ्या पायाने निदान शंभर जणांचे पाय वाचले. आत्या, यावर नुसतं 'मीठ' लिहिलंय. हे कुठलं मीठ?"

"ने..."

अर्धा शब्द बाहेर आला होता. माझ्या तोंडात उरलेला अर्धा तसाच राहिला.

"काय म्हणालीस?"

ती तिथेच उभी होती, आई उभी होती तिथेच. हातात लेखणी, माझ्या उत्तराची वाट बघत. मी सांगेन ते ती लिहिणार होती.

"राहू दे तो डबा," मी म्हटलं. "मोज्याने काही झालं नव्हतं."

मग मी सांगितलं. सांगायला अठरा वर्षं लागली, पण सांगून झालं चार-पाच मिनिटांत. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं बोलणं थांबल्यावर ती प्रश्न विचारू लागली, एखाद्या तपासणीच्या साहेबासारखे.

"डबा कुठे होता?"

"इथेच. तू धरलायस तिथे."

"आणि नंतर?"

"मी स्टोअरला नेला."

"कधी?"

"गाडी गेली, लगेच."

"म्हणजे मी शाळेतून यायच्याही आधी," ती म्हणाली.

ती पायरीवर बसली. आपल्या बुटांकडे बघायला लागली. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या टाचांना दर थंडीत भेगा पडतात, आत्या."

"माहीत आहे गं."

"रक्त येतं. तू मला मलम आणून द्यायचीस."

"हो."

"दर वर्षी न चुकता आणायचीस. मी मैत्रिणींना सांगायचे, माझी आत्या किती जीव लावते."

मी म्हटलं, "जीव होताच गं. खोटा नव्हता." मी रडले. तिने मला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. रडणं थांबल्यावर तिने गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला.

"लिही. तारीख घाल. 'नेहमीचं' हा शब्द घाल. डबा नेलास तेही घाल."

मी लिहिलं. आम्ही दोघी तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी, मला हे वर कळवावं लागेल," म्हणाले.

"कळवा."

"आणि उद्यापासून वर्ग कोण घेणार?"

"ही घेईल," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगला घेईल."

तीनच्या सुमारास आम्ही वहिनीकडे पोचलो. जिन्यात भाची म्हणाली, "तू सांगायचंस. मी नाही."

वहिनी खिडकीशी उन्हात बसून वाटाणे सोलत होती. उजव्या हाताच्या दोन बोटांत शेंग धरायची, डाव्या अंगठ्याने फोडायची. अठरा वर्षांत तिने या कामात असा हात बसवला आहे की माझ्याहून भरभर सोलते. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला.

"अगं चाळणे, तू आत्ता कशी? कामचुकारपणा शिकलीस की काय म्हातारपणी? बस. आणि हिचा पहिला दिवस कसा गेला? हिने तुझा फळा खराब नाही ना केला?"

"बये," मी म्हटलं. "मला काहीतरी सांगायचंय."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "नेहमीचं घे" हे शब्द मी तसेच, त्याच चढ्या आवाजात उच्चारले, कारण ते तसेच होते. वहिनीच्या हातातली शेंग अर्धी फुटलेली तशीच राहिली. एका डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती. मी डब्यापर्यंत आले तेव्हा तिने डोळा मिटला. मी अहवालापर्यंत आले तेव्हा उघडला.

सगळं सांगून झालं. वहिनीने हाताबद्दल विचारलं नाही. डोळ्याबद्दल विचारलं नाही.

"म्हणजे मोजे नव्हते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मोजे नव्हते. मी होते."

वहिनीने वाटाण्यांचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. उठली. आतल्या खोलीत गेली. कपाटाचा खालचा खण नेहमीसारखा अडकला, तिने तो पायाने ढोसून उघडला, ते बाहेर ऐकू आलं. ती परत आली तेव्हा तिच्या कवेत मोज्यांच्या जोड्या होत्या. सुती, लोकरीचे, करडे, तपकिरी, एक लाल. एकेका जोडीला दुकानाची कागदी पट्टी तशीच होती. खालच्या जोड्या लहान मुलीच्या मापाच्या होत्या, वरच्या मोठ्या बाईच्या.

"दर थंडीत एक घेत होते," ती पोरीला म्हणाली. "म्हटलं, या वर्षी घालेल. विचारायचा धीर नाही झाला."

भाची तोंडावर हात घेऊन रडायला लागली. वर्गात रडली नव्हती, छपरीत रडली नव्हती. आता नऊ वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देत होती. वहिनीने तिला खुर्चीत बसवलं, स्वतः जमिनीवर बसली, तिचे बूट काढले. भेगाळलेली टाच तळहातावर घेऊन पुसली. मग वरचा करडा मोजा उचलून चढवायला लागली. दोन बोटांनी मोज्याचं तोंड ताणलं जाईना. एक बाजू वर आली की दुसरी सटकायची. टाच भलतीकडेच जायची. पोर म्हणत होती, "आई, दे, मी घालते," आणि वहिनी मानेनेच नाही म्हणत होती.

इतकी वर्षं तिच्या बरणीचं झाकण मी उघडलं आहे, तिची बटणं लावली आहेत, तिची वेणी घातली आहे. मी सवयीने पुढे झाले, खाली वाकले आणि मोज्याची दुसरी कड धरली.

वहिनीने माझा हात हलकेच बाजूला केला. वर बघितलं नाही.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "तुम्ही नका."

मी उभी राहिले. तिने मोजा परत पहिल्यापासून घालायला घेतला.